मदत हवी आहे: जुन्या गाडीचा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक फक्त एकाच चाकाला लागतोय

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही म्हणून.

गाडी २०११ ची डिझेल सेडान, मॅन्युअल गिअर, सेकंडहँड घेतलेली, आता १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेत. हँडब्रेकला लिव्हर नाही, गिअरच्या मागे बटण आहे, ते वर ओढलं की मागच्या दोन्ही चाकांतून घुर्रर्र आवाज येऊन ब्रेक लागतो. मोटर थेट मागच्या कॅलिपरवर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बसवलेली आहे, म्हणजे मध्ये केबल वगैरे काही नाही.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि आठवड्याभरात डॅशबोर्डवर हँडब्रेकचा पिवळा दिवा लागला. आधी कधीतरी लागायचा, दुपारी ऊन पडलं की आपोआप जायचा. आता कायम. बटण ओढलं की आवाज फक्त उजवीकडून येतो, डावीकडे गप्प. आम्ही रत्नागिरीजवळ राहतो, घर चढावर आहे, अंगणात गाडी उताराला, रस्त्याकडे तोंड करून उभी असते. गेल्या सोमवारी सकाळी बघतो तर गाडी हातभर पुढे आलेली. माझी मुलगी चार वर्षांची आहे, त्याच अंगणात खेळते, तेव्हापासून मला रात्री नीट झोप नाही. सध्या पुढच्या दोन्ही चाकांना मोठे दगड लावून ठेवलेत.

आतापर्यंत केलेलं: बॅटरी चार वर्षांची होती ती बदलली, कारण सगळे म्हणाले की असल्या गाड्यांना व्होल्टेज कमी पडलं की काहीही दिवे लागतात. आता रात्रभर उभी राहून १२.६ आणि चालू असताना १४.२ दाखवते. दिवा तसाच. फ्यूज बघितले, ठीक आहेत. माझ्याकडे मोबाईलला जोडायचा स्वस्तातला स्कॅनर आहे, त्यात काहीच एरर येत नाही. मग गाडी आंबा घाटातून कोल्हापूरला नेली, १३० किलोमीटर, तिथल्या गॅरेजच्या मोठ्या स्कॅनरमध्ये डाव्या मोटरच्या सप्लायचं सर्किट ओपन, म्हणजे वीज जायची वाट कुठेतरी तुटलीये, असा एरर आला. क्लिअर केला की दोन मिनिटांत परत. त्यांचं म्हणणं दोन्ही कॅलिपर मोटरसकट आणि कंट्रोल मॉड्यूल (मोटरा चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदला, खर्च ७८ हजार. एवढे पैसे घालायची तयारी आहे हो, मुलीच्या जिवापुढे काय, पण एकाच बाजूचा एरर असताना दोन्ही कॅलिपर आणि मॉड्यूल का हे मला कोणी नीट समजावून सांगितलं नाही.

डाव्या चाकाजवळचा कपलर (वायर जोडायचा प्लग) काढून मी मीटर लावला होता, बटण ओढलं की क्षणभर ११.९ व्होल्ट येतात. म्हणजे वायर ठीक आहे, मोटरच गेली, असं धरायचं का?

प्रतिसाद १

दादा, नाही, तसं धरू नका. मीटर अगदी नावापुरता करंट घेतो, त्यामुळे वायरमधली एकच तार शिल्लक असली तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. मोटरला मात्र ब्रेक घट्ट आवळताना बऱ्याच अँपिअरचा करंट लागतो, तेवढा त्या एका तारेतून जात नाही.

पावसात दिवा लागतो, ऊन पडलं की जातो, ही खूण मला तरी वायरिंगचीच वाटते. जळलेल्या मोटरला ऊन-पाऊस कळत नाही. चेसिसमधून कॅलिपरकडे जाणारी वायर सस्पेन्शनबरोबर सतत वाकते आणि नेमकी तिथेच आतून तुटते, वरचं रबर शाबूत असतं.

टेस्ट अशी करा. आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. मग मॉड्यूलकडचा आणि चाकाकडचा असे दोन्ही कपलर काढा. आता मोकळ्या झालेल्या एकेका वायरमधून बॅटरीवरून हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब पेटवून बघा. तो साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो. उजव्या बाजूच्या वायरवर जेवढा लख्ख पेटतो तेवढाच डावीकडे पेटायला हवा. मंद झाला किंवा वायर हलवल्यावर फडफडला तर दुखणं सापडलं. हे करताना हँडब्रेकचा भरवसा नाही, म्हणून गाडी सपाट जागेवर घ्या आणि जॅकच्या जोडीला स्टँड लावा, नुसत्या जॅकवर हात घालू नका.

प्रतिसाद २

ब्रेक लाइटचा स्विच बघितलात का? बऱ्याच गाड्यांत पेडल दाबल्याचा सिग्नल मिळाला नाही तर हा ब्रेक सुटत नाही आणि दिवा लागतो. पार्ट स्वस्त आहे. आणि दुसरं, मागचे पॅड अलीकडे बदललेत का?

धागाकर्ता

ब्रेक लाइट लागतात आणि सुटायला काही त्रास नाही, लागायलाच आहे. पॅड मे महिन्यात इथल्याच एका गॅरेजमध्ये बदलले. तुम्ही विचारलंत म्हणून त्यांना फोन केला, त्यांनी स्कॅनर लावला नव्हता, क्लॅम्पने पिस्टन दाबून आत घातला म्हणाले. यात काही बिघडतं का?

प्रतिसाद २

बिघडू शकतं. आत पिस्टनच्या मागे एक स्क्रू आणि त्यावर नट असतो, मोटर गिअरमधून तो स्क्रू फिरवते आणि नट पिस्टनला पुढे रेटतो. पॅड बदलताना स्कॅनरवरून सर्व्हिस मोड लावून तो नट आधी मागे घ्यायचा असतो. तो पुढे असताना क्लॅम्पने जोर लावला तर सगळा दाब स्क्रूवर आणि गिअरवर येतो. तेव्हा वायर बघताना हेही बघा: मोटर दोन स्टार बोल्टवर असते, ती काढा, बाहेर काढलेल्या मोटरला १२ व्होल्ट अगदी क्षणभर द्या, फिरते का बघा. मग कॅलिपरमधून बाहेर दिसणारा शाफ्ट हाताने थोडा फिरवून बघा, जड आहे की मऊ. मोटर कॅलिपरवर असताना मात्र थेट बॅटरी अजिबात लावायची नाही. किती आवळायचं हे मॉड्यूल करंट मोजून ठरवतं आणि तिथे थांबवतं, थेट बॅटरीला थांबवणारं कोणी नसतं, गिअर तरी तुटेल नाहीतर सगळं जाम होईल.

प्रतिसाद ३

मला गाडीतलं फार कळत नाही पण तुमच्या मुलीचं वाचून लिहावंसं वाटलं. गाडीचं तोंड उताराकडे असेल तर रिव्हर्स गिअर टाकून ठेवा आणि पुढची चाकं भिंतीकडे वळवून ठेवा. दगड आहेत तेवढ्यावर राहू नका, आणि दुरुस्त होईपर्यंत शक्यतो खाली रस्त्यालगत सपाटीवरच लावा.

धागाकर्ता

ताई, ऐकलं, कालपासून खालीच लावतोय.

आज सकाळी पाऊस उघडला तेव्हा आमच्या इथल्या वायरमनला बरोबर घेऊन बसलो. मोटर बाहेर काढून बॅटरी दिली, मस्त फिरली. शाफ्टही मऊ आहे. बल्ब उजव्या बाजूला लख्ख, डावीकडे एक वायर ठीक आणि दुसऱ्या वायरवर निखाऱ्यासारखा लाल. मडगार्डच्या आत जिथे वायर वळते तिथे बोटाने चाचपलं तर दोन इंच जागा पोकळ लागली, चिरून बघितलं तर आत तांब्याची पूड आणि हिरवा कळंक, दोन-तीन तारा कशाबशा धरून होत्या. पाणी तिथूनच आत जात असणार. कपलरच्या पिनांवरही थोडा कळंक होता, तो साफ केला.

वायरमन तिथल्या तिथे डाग द्यायला, म्हणजे सोल्डर करायला निघाला होता. द्यावा का?

प्रतिसाद १

वळणाऱ्या जागी डाग नको. सोल्डर कडक होतं आणि वायर त्याच्या काठावर परत तुटते. खराब झालेला सगळा तुकडा कापून टाका, तेवढ्याच जाडीची लवचिक वायर घ्या आणि जोड चेसिसच्या बाजूला, जिथे हालचाल नाही तिथे, क्रिम्प करून (धातूच्या नळीत दाबून जोडून) गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवा. दुसरी वायर आज ठीक असली तरी वय तेच आहे, तीही बदला. आणि वळणावर थोडी ढील ठेवा, ताणून बांधू नका.

धागाकर्ता

तसंच केलं, दोन्ही वायरी बदलल्या, सगळं मिळून १,१०० रुपये. दिवा गेला, डावीकडचा आवाज आला! तीन रात्री धो धो पावसात गाडी खालीच पण बाहेर उभी होती, दिवा परत आला नाही. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, काय वाटलं ते सांगता येत नाही.

एक शंका राहिलीये. डावी मोटर उजवीपेक्षा साधारण सेकंदभर जास्त चालते आणि मग थांबते. हे चालेल का?

प्रतिसाद २

पॅड बदलल्यावर कॅलिब्रेशन (नव्या पॅडनुसार मॉड्यूलला मोटरचं माप शिकवणं) झालंच नाहीये ना, त्याचा फरक असू शकतो. मोठ्या स्कॅनरवर ते करून घ्या आणि त्याच वेळी दोन्ही मोटरांचे करंट लाइव्ह बघा, दोन्ही बाजू जवळपास सारख्या हव्यात. कॅलिपर ज्यांवर मागेपुढे सरकतो त्या स्लायडर पिना गंजून जड झाल्या असतील तरी असा फरक पडतो, त्या काढून साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावा, साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं.

धागाकर्ता

पिना उद्या काढतो. स्कॅनरवाला शनिवारी घरी येतोय, करंटचे आकडे मिळाले की इथेच टाकतो. तोपर्यंत गाडी वर अंगणात घेत नाही.