हायस्कूल बास्केटबॉल: बाहेरून आलेली मुलं, आमच्या मुलाची जागा गेली, तक्रार कुठे करायची? (अर्जंट)

पालवी
मदत हवी आहे, जरा लवकर. मुलगा नववीपासून शाळेच्या टीममध्ये आहे, अख्खा उन्हाळा पहाटे उठून जिमला जायचा, आणि आता ट्रायआउट झाल्यावर यादी लागली तर हा व्हर्सिटीत, म्हणजे शाळेच्या मुख्य टीममध्ये, नाही. कोच म्हणे जेव्ही (दुय्यम टीम) खेळ नाहीतर मॅनेजर हो, म्हणजे पाण्याच्या बाटल्या भर. का, तर यंदा चार नवीन मुलं आलीत, चौघं चार शाळांतून आणि चौघंही एकाच क्लबची, त्यातला एक तर सहा फूट आठ इंच, दाढी-मिशी आलेला बाप्या दिसतो. आम्ही इथे घर घेतलं ते शाळा बघून, एवढा प्रॉपर्टी टॅक्स भरतो, आणि पोरं गोळा करून आणायची कुठून तरी. हे नियमात बसतं का? तक्रार कुठे करायची आणि नाव गुप्त राहतं का? प्लीज माहिती असलेल्यांनीच लिहा, "खेळाकडे खेळ म्हणून बघा" वगैरे नको.

शिट्टी
कुठलं राज्य? पब्लिक की प्रायव्हेट? मुलगा कितवीत? एवढं सांगितल्याशिवाय काही सांगता येणार नाही. अमेरिकाभर एक नियम नाही, प्रत्येक राज्याची संघटना वेगळी.

खडूस_काका
माहिती असलेल्यांनीच लिहायचं म्हटल्यावर हा धागा तीन प्रतिसादांत आटोपणार.

जर्सीवाला
मी वेगळं मत मांडतो, राग नसावा. आमच्या जर्सी सिटीत सेंट अँथनी म्हणून छोटी कॅथलिक शाळा होती. स्वतःची जिमसुद्धा नाही, पोरं बरीच वर्षं एका जुन्या बिंगो हॉलमध्ये प्रॅक्टिस करायची. आणि कोच बॉब हर्ली सीनियर, त्यांनी राज्याची २८ टायटलं काढली, २०१० मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेले. चांगली पोरं तिथेच का जायची? कारण तिथे गेलं की कॉलेजचा रस्ता उघडतो हे सगळ्या शहराला माहीत होतं. गरीब घरची पोरं होती. आता ह्याला अन्याय म्हणायचं? २०१७ ला शाळा पैशाअभावी बंद पडली, तेव्हा एवढी टायटलं काही कामाला आली नाहीत. तेव्हा चांगले खेळाडू एकत्र आले की लगेच लबाडी असं नसतं.

वरणफळ
मुलाची उंची किती आहे? माझ्या भाच्याला डी व्हिटॅमिन कमी निघालं होतं, सप्लिमेंट आणि रोज लटकण्याचा व्यायाम सुरू केला, वर्षात चांगला फरक पडला. दूध ए२ चं घ्या.

पालवी
टेक्सास, डॅलसच्या उत्तरेला. पब्लिक. अकरावी. उंची कुणी विचारली नव्हती.
जर्सीवाला, तुमची शाळा प्रायव्हेट होती, तिथे हद्द नसते. आमची पब्लिक आहे, हद्दीतल्या मुलांसाठी.

शिट्टी
हां, मग आता बोलता येईल. मी डॅलसच्या पश्चिमेला वीकेंडला हायस्कूल मॅचेसना रेफरी असतो, त्यामुळे हे बरंच कानावर पडतं. टेक्सासमध्ये शाळांच्या स्पर्धा चालवणारी संघटना म्हणजे युआयएल. दुसऱ्या शाळेत खेळून आलेल्या मुलाला व्हर्सिटी खेळायची तर पीएपीएफ नावाचा फॉर्म भरावा लागतो. त्यावर आईवडिलांची सही, आणि तो जुन्या शाळेकडेही जातो. जुन्या शाळेला त्यात थेट विचारतात की हा मुलगा खेळासाठी शाळा बदलतोय का. त्यांनी हो म्हटलं की प्रकरण डीईसीकडे, म्हणजे डिस्ट्रिक्ट एक्झिक्युटिव्ह कमिटीकडे जातं. ह्या कमिटीत कोण, तर तुमच्याच गटातल्या शाळांचे सुपरिंटेंडंट किंवा त्यांनी नेमलेली माणसं. म्हणजे ज्यांच्याशी तुम्ही जानेवारीत खेळणार तेच मत देणार. खेळासाठी बदललीय असं ठरलं तर निदान एक कॅलेंडर वर्ष व्हर्सिटी बंद, जेव्ही खेळता येतं.

चौघांचे फॉर्म झालेत का? तुमच्या हाती पुरावा काय आहे? "सगळ्यांना माहितीये" हा पुरावा नाही.

पालवी
सगळ्यांना माहितीये. एकाची आई स्वतः पार्किंगमध्ये म्हणाली की सहा महिन्यांचं लीज घेतलंय.

शिट्टी
लीज घेणं गुन्हा नाही. सगळं कुटुंब खरंच राहायला आलं असेल तर घर बदलण्याचा हक्क आहेच की. बघतात काय, तर सामानसुमान, फर्निचर कुठे आहे, टपाल कुठे येतं, मतदार नोंदणी कुठली, घरातले सगळे आले का, जुनं घर कोण वापरतंय.

एचवन_त्रस्त
मतदार नोंदणी हाहाहा. आमच्या पोरांनी मग काय करायचं, ग्रीन कार्डची पावती दाखवायची? (ग्रीन कार्डच्या ईबी-२ रांगेत अजून कुणाची तारीख हललीये का?)

अंधेरी_लोकल
पण ह्यात नवीन काय आहे? आपल्याकडे शारदाश्रम काय होतं? सचिन आधी वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये होता, आचरेकर सरांनी सांगितलं शाळा बदल, मग शारदाश्रमात आला. वांद्र्याहून ये-जा जमेना म्हणून शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला गेला. १९८८ ची हॅरिस शील्डची सेमी फायनल, समोर सेंट झेवियर्स, आणि सचिन-कांबळीची नाबाद ६६४. त्या झेवियर्सच्या बोलर पोरांच्या आयांनी कुठे तक्रार केली?

शिट्टी
काका-काकूंकडे राहून? म्हणजे आमच्या नियमात सचिन वर्षभर जेव्ही खेळला असता.

खडूस_काका
तुमची कमिटी काय तेंडुलकर शोधत बसली नसती, तिला फर्निचर मोजायचं असतं.

मुळामुठा
@अंधेरी_लोकल, उदाहरण चुकतंय. ६६४ ची गोष्ट सगळे सांगतात, समोरच्याची कुणी सांगत नाही. २०१६ ला कल्याणच्या प्रणव धनावडेने नाबाद १००९ केले, टीमचे १४६५, आणि समोरची आर्य गुरुकुल ३१ आणि ५२ वर ऑलआउट. त्या पोरांना त्या दोन दिवसांत क्रिकेटमधलं नक्की काय शिकायला मिळालं? माझा प्रश्न तोच आहे. एकतर्फी सामन्यात जिंकणाऱ्यालाही काही मिळत नाही.

अंधेरी_लोकल
प्रणवच्या शाळेने काही स्टार गोळा केले नव्हते, तो रिक्षावाल्याचा मुलगा आहे. उगाच दोन गोष्टींची मिसळ करू नका.

मुळामुठा
सामना एकतर्फी होण्याबद्दल बोलतोय. मिसळ तुम्ही करताय.

दशमान
परत बास्केटबॉलवर येऊ का? ह्या खेळाची गोम अशी की कोर्टवर पाचच असतात. फुटबॉलमध्ये दोन तगडी पोरं आली तरी बाकीची नऊ जागच्या जागी, इथे दोन आली की चाळीस टक्के टीम बदलते, चार आली की तुमच्या मुलासारख्याला जागाच उरत नाही. म्हणून हा वाद बास्केटबॉलमध्येच जास्त होतो.
मोंटव्हर्डचं बघा, फ्लोरिडातली अकॅडमी. २०१९-२० च्या टीममध्ये केड कनिंगहम, स्कॉटी बार्न्स आणि मोझेस मूडी एकत्र, २५-०. २०२१ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये केड पहिला, बार्न्स चौथा, मूडी चौदावा. पुढे कूपर फ्लॅग मेन राज्यातल्या न्यूपोर्टसारख्या लहान गावातून एक वर्ष तिथल्या शाळेत खेळून मोंटव्हर्डलाच गेला, २०२३-२४ ला ३३-०. पण त्यांचं मला एक आवडतं, ते उघडपणे देशभरातल्या तसल्याच शाळांशी खेळतात, गल्लीतल्या पब्लिक शाळेला धोपटत नाहीत. खरी गडबड मधल्यांची, ज्यांना मोंटव्हर्ड व्हायचंय पण खेळायचं मात्र शेजारच्या शाळेशी.

ओहायोची_माई
आमच्याकडे ह्यावर २०१४ मध्ये शाळांनी मतदान करून कॉम्पिटिटिव्ह बॅलन्स आणला. रोस्टरवर बाहेरची मुलं असतील तर शाळेच्या पटाच्या आकड्यात जास्तीची भर घालतात, की शाळा वरच्या गटात ढकलली जाते. इलिनॉयमध्ये हद्द नसलेल्या शाळांचा पट १.६५ ने गुणतात. इंडियानात सारखी जिंकत राहिलात तर वरच्या गटात टाकतात. म्हणजे पोरांना येऊ द्या, पण मग मोठ्यांशी खेळा. मला हे टेक्सासपेक्षा बरं वाटतं, पोराच्या आईवडिलांचा सोफा मोजण्यापेक्षा.

शिट्टी
माई, टेक्सासमध्ये ६ए च्या वर गट कुठाय? सगळ्यात मोठा तोच. डॅलसच्या शाळा आधीच सगळ्यात वर आहेत, अजून कुठे ढकलणार?

जर्सीवाला
आणि इंडियानाचं म्हणाल तर जुनं एकच गटाचं टुर्नामेंट होतं तेच खरं होतं. १९५४ ला मायलन, शाळेत १६१ मुलं, मन्सी सेंट्रलला ३२-३० ने हरवलं. गट पाडल्यावर ती मजा गेली.

दशमान
एक मायलन सगळे सांगतात कारण एकच आहे.

पालवी
मला इंडियाना नको आहे!! मी तक्रार केली तर काय होईल एवढं सांगा.

शिट्टी
सांगतो, पण आवडणार नाही. तक्रार तुमच्याच शाळेविरुद्ध आहे. अपात्र मुलगा मॅच खेळला असं सिद्ध झालं की कमीत कमी शिक्षा म्हणजे ती मॅच फोरफिट, हरल्यात जमा. म्हणजे तुमच्या मुलाचे मित्र, ज्यांनी काही केलं नाही, त्यांचाही सीझन जातो. डंकनव्हिलचं आठवतं ना? २०२२ ला ६ए चं स्टेट टायटल जिंकले, आणि नंतर युआयएलने काढून घेतलं. अँथनी ब्लॅक कॉपेलहून तिथे आला होता, त्याला अपात्र ठरवलं होतं, कोर्टाच्या तात्पुरत्या आदेशावर खेळला. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये ऑरलँडोने सहाव्या नंबरला घेतला त्याला, त्याचं काही अडलं नाही. बेंचवरच्या पोरांचं मेडल गेलं.
नाव गुप्त राहण्याबद्दल, नियम काही म्हणो, ट्रायआउटच्या आठवड्यात तक्रार आली की ती कुठल्या घरातून आली हे शेंबडं पोरही सांगेल.

फ्रिस्कोकर
ताई, मी स्पष्ट विचारतो. मूळ पोस्टमध्ये काहीतरी राहिलंय असं वाटतंय. मुलगा पण त्याच क्लबमध्ये खेळतो का? चौघंही एकाच क्लबची हे तुम्हाला एवढं पक्कं कसं माहीत?

पालवी
हो, तो बी टीमला आहे. त्याचा इथे काय संबंध?

बरं विचारताच आहात तर सांगते. पलीकडच्या डिस्ट्रिक्टमधल्या एका शाळेचा असिस्टंट कोच क्लबच्या मॅचनंतर मिस्टरांशी बोलला, की इकडे या, ह्याला मिनिटं मिळतील. मिस्टर म्हणतात त्यांच्या हद्दीत एक बेडरूमचं अपार्टमेंट घेऊ, ते आणि मुलगा तिकडे राहतील, मी आणि धाकटी इथेच. धाकटीची शाळा चांगली आहे, तिला का हलवायचं. हे चालेल का, की त्याचाही फॉर्म अडकेल?

खडूस_काका
😀😀 चहा टाकतो, थांबा सगळे.

अंधेरी_लोकल
म्हणजे चौघांनी केलं तो अन्याय आणि पाचव्याने केलं तर नियोजन!

पालवी
हसा. ज्यांच्या मुलाला बाटल्या भरायला सांगितलंय त्यांनी हसावं. सगळे तेच करतायत आणि आम्ही एकटेच सरळ वागायचं का?

ओहायोची_माई
हसू नका रे, खरंच. पालवी, मला तुमचं कळतं. सगळे उभे राहिले की बसलेल्यालाही उभं राहावं लागतं. पण मुलगा काय म्हणतो हे तुम्ही अजून एकदाही लिहिलेलं नाही.

शिट्टी
चालणार नाही. घरातले सगळे गेले का हे तर वर लिहिलंच आहे, आणि तुम्ही दोघी जुन्या घरात. वर आता जुनी शाळा म्हणजे तुमची आत्ताचीच, फॉर्मवर तिचंच मत मागतील, आणि तिच्याविरुद्ध तुम्ही तक्रार केलेली असेल. काय लिहितील ते? अपात्र ठरला तर एक कॅलेंडर वर्ष, म्हणजे हा सीझन गेला आणि बारावीचाही सुरुवातीचा मोठा तुकडा गेला. शिवाय त्या असिस्टंट कोचने असं बोलावणं हेच रिक्रूटिंग आहे, तेही नियमात बसत नाही. मिस्टरांना म्हणावं त्यांचे टेक्स्ट असतील तर उत्तर देऊ नका.

फ्रिस्कोकर
हेच तर आहे ना. हायस्कूलचा कोच बदनाम होतो, पण पोरं एकत्र येण्याचं ठरतं एएयूच्या, म्हणजे शाळेबाहेरच्या, क्लबमध्ये, बापलोक बघायला बसतात तिथे. शूज कंपन्यांच्या सर्किटवर एकत्र खेळतात, हॉटेलमध्ये चार रात्री एकत्र काढतात, मग म्हणतात एकाच शाळेत जाऊ. कुठला नियम ते पकडणार? फ्लोरिडाने २०१६ ला सरळ कायदाच केला, जागा असेल त्या पब्लिक शाळेत जा आणि लगेच खेळा.

मुळामुठा
आणि त्याने फ्लोरिडात न्याय झाला का?

फ्रिस्कोकर
न्याय नाही झाला, खोटे पत्ते लिहायची गरज कमी झाली. टेक्सासमध्ये ज्याला वकील परवडतो तो खेळतो, ज्याची आई दोन शिफ्ट करते तो फॉर्ममध्ये अडकतो. मला तर हा जास्त मोठा अन्याय वाटतो.

वरणफळ
एवढ्या सगळ्यात अभ्यासाचं काय? हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या शंभर मुलांतली जेमतेम तीन-चार एनसीएएपर्यंत, म्हणजे कॉलेजच्या स्पर्धांपर्यंत, जातात आणि सगळ्यात वरच्या डिव्हिजन वनला एखादा. अकरावीचे मार्क कॉलेजला सगळ्यात महत्त्वाचे. जेव्ही खेळू दे, एसएटीचा क्लास लावा.

पालवी
बाकी लोकांपेक्षा तुमचं ह्या वेळी पटलं, ए२ दूध सोडून.

मुलगा म्हणतो जेव्ही खेळेन, शाळा बदलणार नाही, आणि त्या उंच मुलाशी त्याचं बरं जमतं म्हणे, काल घरी जेवून गेला, सहा पोळ्या. मिस्टर अजून अपार्टमेंटवर अडून आहेत. शिट्टी, जेव्हीतून सीझनमध्ये वर घेतात का?

शिट्टी
घेतात. दुखापती होतात, कुणाचा ग्रेड खाली जातो आणि नो पास नो प्लेमध्ये बाहेर बसतो. टेक्सासमध्ये सत्तरच्या खाली एक विषय गेला तरी बसवतात. कोचला शांतपणे विचारा की वर घेण्यासाठी नक्की काय बघणार, डिफेन्स, कंडिशनिंग, काय ते. मुलाने स्वतः विचारायला हवं, तुम्ही नाही. आणि मॅनेजर व्हायला नाही म्हणा, एकदा बाटल्या हातात आल्या की लोक खेळाडू म्हणून बघायचे थांबतात.

एचवन_त्रस्त
ईबी-२ चं कुणीच सांगितलं नाही.

खडूस_काका
त्यासाठी मिस्टरांनी आधी अपार्टमेंट घ्यायला हवं.