ई-सायकलची बॅटरी तीन वर्षांत गेली की आपण घालवली?

रंकाळाकाठ :
कालची एक पोस्ट वाचून गप्प बसवेना. लिहिणाऱ्याचं म्हणणं असं : ई-सायकल घेतली, तिसऱ्या वर्षी बॅटरी मेली, नवीचा भाव ऐकून डोकं फिरलं, जुनी कोणी हातात धरेना, म्हणजे ई-सायकल ही पर्यावरणाच्या नावावर फसवणूक. पण त्याच पोस्टमध्ये जाता जाता लिहिलंय, "पावसाळ्यात चार महिने काढलीच नव्हती, तरी गेली."

भावा, काढली नाहीस म्हणूनच गेली. संपत आलेली बॅटरी तशीच ठेवली की आतलं बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट, थोडा थोडा करंट खातच राहतं. सेल (अशा छोट्या छोट्या सेलचाच अख्खा पॅक बनतो) दोन व्होल्टच्या खाली बराच काळ पडून राहिला की आतलं तांबं विरघळायला लागतं, आणि पुन्हा चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होण्याची भीती. बंद ठेवायची असेल तर निम्मी भरून ठेवायची आणि महिन्या-दीड महिन्याने बघायची.

माझी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची. कोल्हापुरात राजारामपुरी ते गोकुळ शिरगाव, येऊन-जाऊन सोळा किलोमीटर, पाच वर्षं झाली. नवी होती तेव्हा पॅडल मारत पस्तीस किलोमीटर जायची, आता सव्वीस जाते. एका चार्जला अर्धा युनिटसुद्धा वीज लागत नाही. नियम दोनच पाळले : उन्हातनं आल्या आल्या चार्जर लावायचा नाही, आणि रात्रभर चार्जिंगला ठेवायची नाही.

पेठेतला :
मीच तो पोस्टवाला. लई शहाणपणा झाला. दुकानदारानं विकताना यातलं एक अक्षर सांगितलं नाही. पुस्तिकेत बारीक अक्षरात असंल, कोण वाचतंय? पेट्रोलची गाडी चार महिने उभी केली तर फार तर किक मारावी लागते. ही सायकल म्हणजे दुभती म्हैस झाली की, रोज वैरण घालायची!

मराठवाडी_कोल्हापुरात :
रंकाळाकाठ, रात्रभर ठेवू नका हे अर्धंच खरं. सेलचं बॅलन्सिंग, म्हणजे सगळे सेल सारखे भरून घेणं, बहुतेक पॅकमध्ये पूर्ण भरत आल्यावरच होतं. कायम ऐंशी टक्क्यांवर काढत राहिलात तर पॅकमधल्या सेलच्या दहा जोड्यांतली (एकत्र जोडलेल्या गटांतली) एक मागे पडते आणि तीच सगळा पॅक बंद पाडते. महिन्यातून एकदा ४२ व्होल्टपर्यंत, म्हणजे पूर्ण, भरू द्या.

रंकाळाकाठ :
मान्य. ते लिहायचं राहिलं. पण रोज काठोकाठ भरून टिनाच्या शेडमध्ये उभी करणं वाईटच. भरलेली बॅटरी आणि एप्रिल-मेची उष्णता, यानं सेल न वापरताही म्हातारा होतो.

कुंभारगल्ली :
तुमचं ऊन आणि टक्के बाजूला ठेवा, आमच्याकडे पाणी येतं. २०२१ च्या जुलैत तळमजल्यात सायकल अडकली. पाणी ओसरल्यावर बॅटरी पुसली, आठ दिवस वाळवली, चार्जर लावला, चालली. सगळे खूश. तिसऱ्या आठवड्यात चार्जिंगला असताना केस इतकी तापली की हात लावता येईना, पोरानं काठीनं पिन ओढली. पुराचं पाणी आत गेलं की सेल जोडणाऱ्या पट्ट्या गंजत राहतात, ते बाहेरून दिसत नाही. पुरात भिजलेल्या बॅटरीला पुन्हा चार्जर लावू नका, कितीही चालत असली तरी.

उद्यमनगरवाला :
आख्खी बॅटरी बदला म्हणणारे कंपनीचं घर भरतात. पॅक उघडला की बहुतेक वेळा दहापैकी एकच जोडी मेलेली असते. ती काढायची, निकेल पट्टी, स्पॉट वेल्डिंग, काम फत्ते. नव्याच्या तिसऱ्या हिश्श्यात.

मराठवाडी_कोल्हापुरात :
आणि नऊ जुन्या जोड्यांत एक नवी घातली की चार महिन्यांत पुन्हा तुमच्याच दारात. माझं असंच झालं. वर सेलवर '६००० एमएएच' (मिली-अँपिअर-तास, म्हणजे सेलची क्षमता) छापलेलं! १८६५० मापाच्या (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) सेलमध्ये साडेतीन हजाराच्या आसपासच मावतं, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?

उद्यमनगरवाला :
तो सेल माझ्या दुकानातला नव्हता. उद्यमनगरला सरसकट नावं ठेवू नका. ऑइल इंजिनाचे पार्ट करून वाढलेलं गाव आहे हे, मायक्रॉनमध्ये काम करणारी माणसं आहेत. कुणी लॅपटॉपचे जुने सेल घालून गिऱ्हाईक फसवत असेल तर त्याचं नाव त्याच्या तोंडावर घ्या.

मराठवाडी_कोल्हापुरात :
हाताचं कौतुक आहेच हो. पण मायक्रॉन आणि लिथियम वेगळं. प्रत्येक सेलची क्षमता आणि अंतर्गत रोध मोजून जोड्या लावता का? तेवढं सांगा.

उद्यमनगरवाला :
मी लावतो. दोन दिवस जातात. गिऱ्हाईक म्हणतं, संध्याकाळपर्यंत द्या. त्याला काय सांगू?

पेठेतला :
हे दोघं भांडत बसले. माझ्या मेलेल्या बॅटरीचं काय?

बावड्याची :
तेच मी विचारणार होते. आमच्या गल्लीत एकानं ती घंटागाडीत टाकली. गाडीत दाबली गेली असती तर? आम्ही कचरा डेपोच्या जवळ राहतो, तिथला धूर आमच्या घरात येतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांत लिथियमही आलं, आधीचे २००१ चे शिशाच्या बॅटरीपुरते होते. परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. पण मी मेलेली बॅटरी दुकानात घेऊन गेले तर काउंटरवरचा म्हणतो, "आमच्याकडे असलं काही येत नाही." तीन चकरा. शेवटी नियमाचं नाव लेखी देऊन पोच मागितली, तेव्हा आतून माणूस आला आणि घेतली. रंकाळाकाठ, तुमच्या एवढ्या लांब लेखात पाच वर्षांनी ती जाणार कुठं याची एक ओळ नाही.

रंकाळाकाठ :
नाही. खरं सांगायचं तर माझी मरायला आली नाही म्हणून मी विचारच केला नव्हता. शिशाच्या बॅटरीला भंगारवाला पैसे मोजतो म्हणून ती आपोआप परत जाते, हिला तसा भाव नाही. इथं पेठेतल्याचं म्हणणं बरोबर आहे. फसवणूक हा शब्द मात्र अजून मान्य नाही.

पेठेतला :
अर्धं तरी पटलं म्हणायचं. मग मी करू काय ते सांगा.

रंकाळाकाठ :
आधी, चार्जर लावू नकोस. बाहेरच्या पिनांवर शून्य व्होल्ट दिसलं तरी ते बीएमएसनं तोडलेलं असू शकतं. आतल्या जोड्या मोजल्याशिवाय कळणार नाही. स्वतः केस उघडू नकोस.

मराठवाडी_कोल्हापुरात :
उद्यमनगरवाल्यांकडे ने. मोजायला. दोन दिवस दे त्यांना.

उद्यमनगरवाला :
आणा. दोन व्होल्टच्या खालच्या जोड्या निघाल्या तर मी दुरुस्त करणार नाही, आधीच सांगतो.

बावड्याची :
तसं निघालं तर दोन्ही पिनांवर चिकटपट्टी लावून कोरड्या जागी, जिन्याखाली नको, घराबाहेर सावलीत ठेव. दुकानात द्यायच्या अर्जाचा मजकूर मी पाठवते. पोच घेतल्याशिवाय परत फिरू नकोस.