मिटिऑर रडार: ९८ किमीच्या वर २४ तासांची टाइड बेभरवशाची का येते?

निशाचर३५
३५ मेगाहर्ट्झचा ऑल-स्काय मिटिऑर रडार आहे, म्हणजे उल्कांच्या मागे उरणाऱ्या आयनीभूत रेषांवरून परतलेल्या लहरींतून (इको) वरच्या वातावरणातले वारे मोजणारा. पाच रिसीव्हिंग अँटेना, २ आणि २.५ तरंगलांबीच्या अंतरांचा क्रॉस, पीआरएफ (सेकंदाला पाठवलेले स्पंद) २१४४. ३ किमीच्या थरांत तासाचे वारे काढून चार दिवसांच्या खिडकीत २४, १२ आणि ८ तासांचे हार्मोनिक (त्या आवर्तनकाळाच्या साइन लाटा) बसवतोय, म्हणजे टाइड, वाऱ्यातल्या दिवसाच्या ठरावीक अंशाने पुन्हा येणाऱ्या लाटा, काढतोय. ९० किमीला सगळं सुरळीत. ९८ च्या वर मात्र खिडकी एक दिवस सरकवली की २४ तासांचा आयाम (लाटेची उंची) २० वरून ४५ मी/से होतो. त्या थरात संध्याकाळी तासाला दोन-तीनच इको मिळतात. म्हणून ४ तासांची सरासरी घेतली, तर ८ तासांची टाइड खूपच बारीक झाली. चुकतंय कुठे?

तरंगवेडा
सरासरी आधी काढून टाका. ४ तासांच्या सरासरीने ८ तासांच्या लाटेचा आयाम ०.६४ पटीवर येतो, १२ चा ०.८३ वर. १ तासाच्या सरासरीत ८ तासांचंही फक्त अडीच टक्के नुकसान होतं.

संध्याकाळची टंचाई जाणार नाही. पहाटे सहाच्या सुमारास आपण पृथ्वीच्या पुढच्या बाजूला असतो, म्हणून उल्का जास्त; संध्याकाळी मागच्या, म्हणून कमी. पण तासाचे वारे काढायची गरजच काय? रेडियल वेगांवर (प्रत्येक इकोचा रडारच्या दिशेतला वेग) थेट फिट करा. सरासरी वारा आणि तीन हार्मोनिक धरून एका घटकाला ७ सहगुणक, झोनल (पूर्व-पश्चिम) आणि मेरिडिओनल (उत्तर-दक्षिण) मिळून १४. उभा वारा शून्य धरायचा. मग दोन इकोंचा तासही कामी येतो, फेकावा लागत नाही.

दोन पथ्यं. पहाटेच्या शेकडो इकोंनी फिट ओढला जातो, म्हणून प्रत्येक इकोचं वजन त्या तासातल्या इको-संख्येच्या वर्गमुळाने भागा. एकाच तासातल्या इकोंमध्ये गुरुत्व लहरींची (हवेतल्या छोट्या काळाच्या लाटा) तीच चूक असते, त्यामुळे शंभर इको म्हणजे शंभर स्वतंत्र मोजमापं नव्हेत. दुसरं, ४८ तासांचं पद घाला. उन्हाळ्यात दोन दिवसांची लाट जोरात असली की सलग नसलेल्या डेटात ती २४ तासांत झिरपते.

कोनमापक
वरचं बरोबर, पण माझा संशय उंचीवर आहे. इकोंचं शिखर ९० किमीच्या आसपास असतं, १०० ही शेपटी. शिखराकडचे थोडे इको चुकीच्या उंचीवर पडले तरी शेपटीत त्यांचंच राज्य. ६० अंश झेनिथ कोनाला (डोक्यावरच्या बिंदूपासूनचा कोन) पल्ला सुमारे १८० किमी, तिथे कोनात १ अंशाची चूक म्हणजे उंचीत २.७ किमी. पृथ्वीची वक्रता विसरलात तर आणखी १.९. आणि २४ तासांच्या टाइडची उभी तरंगलांबी २५-३० किमी धरली, तर तिचा फेज (शिखराची वेळ) दर किलोमीटरला जवळपास तासभर सरकतो! ३ किमीच्या थरात आधीच तीन तासांचं मिश्रण असतं.

तपासणी सोपी आहे. पूर्ण दिवसांचे इको घ्या, ३० अंशांच्या दिगंश-पट्ट्या (क्षितिजावरच्या दिशेनुसार) करा, प्रत्येक पट्टीत उंचीचं शिखर पाहा. ते दिशेनुसार वरखाली होत असेल तर एखाद्या अँटेना-चॅनेलचा सिग्नल-फेज ढळलाय, केबल आणि कनेक्टर तपासा.

२१४४ च्या पीआरएफला निःसंदिग्ध पल्ला ७० किमीच, त्यापलीकडचा इको कुठल्या स्पंदाचा ते कळत नाही. ७०-च्या पटीत सरकवून एकच पर्याय ७० ते ११० किमी उंचीत बसला तरच इको ठेवा, दोन बसले तर टाका. झेनिथ कोन १५ ते ६० ठेवा.

शिवाय वर विसरण (उल्केच्या रेषेचं पसरणं) वाढतं. विसरणांक ५ मी²/से असताना ऱ्हासकाल (इको विरायला लागणारा वेळ) ०.०९ सेकंद, २० झाला की ०.०२३. इतक्या वेळात इकोच्या फेजचा उतार, ज्यातून वेग निघतो, नीट बसत नाही, म्हणून फिटची चूक मोठी असलेले इको वगळाच.

निशाचर३५
वक्रता धरलेली आहे. पट्ट्या काढल्या. ईशान्येकडे शिखर ९२, नैऋत्येला ८८. बाकी, १५ दिवसांची खिडकी घेतली तर?

तरंगवेडा
मग चॅनेलचा फेज आधी दुरुस्त करा, ४ किमीचा फरक फार आहे. १५ दिवसांच्या खिडकीत आयाम स्थिर दिसेल, पण टाइड रोज बदलते, तो बदल पुसला जाईल. १५ दिवस लागतात ते चंद्राची १२.४२ तासांची टाइड १२ तासांपासून वेगळी करायला. त्यांचा बीट (दोन्ही लाटा पुन्हा जुळायचा काळ) १४.८ दिवसांचा.