टंचाई आयफोन प्रोची होती, सगळ्या फोनांची नव्हे

नवा आयफोन बाजारात लवकर मिळत नाही, तेव्हा 'हवा करायला कंपनीच माल अडवून धरते' असं म्हटलं जातं. हे मत मला फार तर अर्धं पटतं. पहिल्या आठवड्यातल्या रांगांबद्दल तसं म्हणता येईल. पण २०२२ साली आयफोन १४ प्रोची, म्हणजे साध्या १४ पेक्षा महागड्या मॉडेलची, गोष्ट वेगळी होती. चीनमध्ये अ‍ॅपलसाठी फोन जुळवणाऱ्या फॉक्सकॉन कंपनीच्या चंगचौ शहरातल्या कारखान्यात कोविडच्या निर्बंधांमुळे काम मंदावलं आणि ६ नोव्हेंबरला अ‍ॅपलनेच जाहीर केलं की प्रो मॉडेलांना उशीर होईल. ऐन नाताळाच्या तोंडावर आपला धंदा कोण मुद्दाम बुडवून घेईल?

या चर्चेत दुकानदारांचा विषय मात्र कोणी काढत नाही. त्या डिसेंबरात भावाला प्रो हवा होता म्हणून आम्ही म्हापशाला गेलो. साधा १४ हव्या त्या रंगात हजर, कारण त्याची जुळणी तमिळनाडूत सुरू झाली होती. प्रो बाहेरून यायचा, त्याचा फक्त केबलने बांधलेला डेमो पीस. दुकानदार आधी "स्टॉक नाही" म्हणाला, मग हळूच, "कव्हर, चार्जर, इन्शुरन्स सगळं घेत असाल तर उद्या देतो." म्हणजे फोन आतमध्ये होताच! मला खरा राग याचा येतो. एक वस्तू हवी तर दुसरी घ्याच, ही सक्ती २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'प्रतिबंधात्मक व्यापार प्रथा' ठरते. असं कोणी म्हटलं तर कोटेशन लेखी मागा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.