मदत हवी आहे : पक्षीनिरीक्षण गटात नव्या सदस्यांना मिळणारी वागणूक

नदीकाठ : आमच्या गटात नव्याने आलेल्या एका ताईंनी बाल्कनीतल्या कुंडीत बुलबुलाने केलेल्या घरट्याचे, पिल्लांसकट, अगदी जवळून काढलेले छायाचित्र टाकले. जुन्या सदस्यांनी त्यांना इतके फैलावर घेतले की त्या त्याच रात्री गट सोडून गेल्या आणि आता इतर नवी मंडळीही गप्प आहेत. जुन्यांना न दुखावता हे कसे थांबवावे? रविवारी सर्वांची भेट आहे. त्यापूर्वी उत्तर हवे आहे.

माळरान : गट व्हॉट्सॲपवर आहे का? आपण ॲडमिन आहात का? घरट्यांची छायाचित्रे टाकू नयेत, असे कुठे लिहिलेले आहे का?

पाणकावळा : लिहायचे कशाला? वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी व घरटी विचलित करणेही येते. कॅमेरा घेऊन फार जवळ गेल्यास पक्षी घरटे सोडून जाऊ शकतात. पिल्लांच्या जिवापुढे कुणाच्या मानापमानाचे मला महत्त्व वाटत नाही.

माळरान : हेच कारण त्या ताईंना शांतपणे सांगता आले असते. रोज त्या कुंडीला पाणी घालणाऱ्या बाईंना हे कळणार तरी कसे?

कोर्टकचेरी : मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये असा निर्णय दिला आहे की, समान हेतू सिद्ध झाल्याखेरीज सदस्याच्या आक्षेपार्ह संदेशासाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. आपण निश्चिंत राहावे.

नदीकाठ : मला खटल्याची भीती नाही, माणसे निघून जात आहेत याची काळजी आहे. गट व्हॉट्सॲपवर आहे आणि मी ॲडमिनांपैकी एक आहे. नियम लिहिलेला नाही, पण तो सर्वांना ठाऊक आहे.

शेवरी : सर्वांना म्हणजे जुन्यांना. नव्या सदस्याला आधीच्या चर्चा आपोआप दिसत नाहीत, म्हणून नियम कारणासह गटाच्या वर्णनात लिहा आणि कुणाचे चुकले तर एकाच ॲडमिनने खासगीत सांगावे. आमच्याकडे एका मुलाने पावश्याला, म्हणजे कोकिळेच्या कुळातल्या पक्ष्याला, शिक्रा हा शिकारी पक्षी म्हटले, तेव्हा त्याची थट्टा सुरू झाली. वास्तविक पावश्याचा राखाडी रंग आणि शेपटीवरचे पट्टे पाहून अनुभवी माणसेही फसतात. एका आजोबांनी फक्त ‘चोच पाहा, शिक्र्याची बाकदार असते’ एवढेच लिहिले आणि त्या मुलाने पुढचे छायाचित्र चोच स्पष्ट दिसेल असे टाकले.

पाणकावळा : खासगीत सांगितले, तर इतर नव्यांना कसे कळणार? सर्वांसमोरच सांगायला हवे.

शेवरी : नियम अवश्य सर्वांसमोर सांगा, पण माणसाचे नाव घेऊन नको.

नदीकाठ : वर्णनात आजच लिहितो. पण जुन्यांशी कोण बोलणार?

माळरान : आपणच, रविवारी, प्रत्यक्ष. त्याआधी त्या ताईंना फोन करून भेटीला बोलवा आणि पिल्ले कशी आहेत तेही विचारा. हे अजून कुणी विचारले आहे का?