माहितीपट संपल्यावर दुसऱ्या सकाळचं काम

‘पर्यावरणावरचे माहितीपट बघून लोक हळहळतात, पुढे काही होत नाही’ हे नेहमी ऐकू येणारं मत मला अर्धंच पटतं. वितळणारा बर्फ पाहून माणूस हळहळणारच. त्या फिल्मने त्याच्या हाताला काम दिलेलं नसतं. पानी फाउंडेशनने 2016 मध्ये वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत वॉटर कप ही गावांमधली जलसंधारणाची स्पर्धा सुरू केली, तेव्हा पाणलोटाचं, म्हणजे पावसाचं पाणी अडवून जिरवण्याचं काम पायरीपायरीने शिकवणाऱ्या फिल्म वापरल्या. 2018 पर्यंत तालुके 75 झाले.

अशा फिल्ममध्ये जवळून दाखवावी अशी गोष्ट म्हणजे ए-फ्रेम, उतारावर पाणी अडवणारे चर एका पातळीत आखायचं साधं साधन. शेंड्याला बांधलेल्या दोन सारख्या काठ्या, मध्ये आडवी काठी, शेंड्यावरून दोरीला लोंबणारा दगड. दोरी आडव्या काठीवर जिथे येते तिथे खूण करायची, मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण. दोरी दोन्हींच्या मध्यावर आली की दोन्ही पाय एकाच पातळीत. हे सोडून नजरेच्या अंदाजाने चर आखले की सगळं पाणी खालच्या टोकाला धावतं, बांध फुटतो आणि उतारावर नवी घळ पडते. मातीचा भराव चराच्या खालच्या, उताराकडच्या बाजूला आणि काम माथ्याकडून पायथ्याकडे, हेही पडद्यावर ठसठशीत दिसायला हवं.

गावात फिल्म लावणार असाल तर चित्रापेक्षा आवाज आधी तपासा. लोक उठायच्या आत उद्या किती वाजता, कोणत्या शिवारात, किती कुदळी-फावडी हे ठरवून घ्या. आणि एप्रिलमध्येच दाखवा, पेरणी लागली की कुणाला सवड नसते.