घरटं पाडा म्हणणाऱ्यांना

बालाघाटकर : काल इथं एकानं लिहिलं, "गरुड करडं उचलतो, दिसलं की घरटं पाडा." खाली अंगठ्यांचा पाऊस. रात्रभर डोक्यातून गेलं नाही. आमच्या माळावर बाभळीच्या शेंड्याला सापमार गरुडाचं घरटं आहे. वर्षाला अंडं एकच. दीड महिना उबवण, पुढं दोन-अडीच महिने भरवण. परवा नर आला तर चोचीबाहेर सापाची नुसती शेपटी लोंबत होती. पिल्लानं ती धरून ओढून ओढून अख्खा साप काढला. ते घरटं पाडलं की त्या जोडीचं वर्ष गेलं.

गोठा_भूम : घरटं बघत बसायला सवड आहे तुम्हाला. माझं आठ दिवसांचं उस्मानाबादी करडू गेलं. बायकोनं डोळ्यांनी पाहिलंय. बिबट्यानं नेलं तर पंचनामा तरी होतो.

मानवत_मास्तर : करडू जन्मतःच दोन किलोच्या आसपास, सापमार तेवढाच. उचलणार कसा? मोरघार हा दुसरा गरुड ससा, तित्तर, फार तर कोंबडी नेईल. कुत्र्यांनी नेलं असेल.

गोठा_भूम : म्हणजे माझी बायको खोटं बोलायली का?

बांधावरून : भांडू नका. गरुड मरायलेत ते तारांवर. आमच्या डीपीच्या खांबाखाली एक पडला होता, एक पंख जळून काळा. दोन तारांना एकदम पंख लागले की संपलं. त्याच लोंबत्या तारेनं माझा बैल गेला. तीन वर्षं अर्ज करतोय.

मोटर_चालू : अन् लाईट रात्री दोनला! साप तुडवत दारं धरायची.

बालाघाटकर : मग साप खाणाराच मारायचा?

मोटर_चालू : तो दिवसा धामण खातो, रात्रीची घोणस नाही. भावाला घोणस चावली, बोट काढावं लागलं. पक्ष्यांवर पानंच्या पानं लिहिता, दिवसा लाईट द्या म्हणून कोण लिहितंय?

मानवत_मास्तर : लाईटीचा धागा वेगळा काढा.

मोटर_चालू : तुमच्यासाठी असेल वेगळा.

बालाघाटकर : धामणीचं मान्य, मी घाईत बोललो. पण मेलेल्या जनावराला विष लावून टाकू नका. कुत्र्यासाठी टाकलेलं गरुड खातो. गिधाडांचंही तसंच झालं: डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध दिलेली मेलेली जनावरं खाऊन ती मेली. जनावरांसाठी ते 2006 ला बंद झालं, तोवर गिधाडं संपत आली होती.

गोठा_भूम : विष मी कधी टाकलं नाही. घरटंही पाडत नाही, करडं डालग्याखाली झाकीन. पण बायकोनं पाहिलं ते पाहिलं.